नववीचा पट

माध्यमिक शाळेत नवे मुख्याध्यापक रुजू झाले, की पहिल्या बैठकीत दहावीच्या निकालाचा विषय निघतोच. गेल्या वर्षी किती टक्के लागला, शेजारच्या शाळेचा किती, यंदा शंभर का होऊ नये. संस्थेचे पदाधिकारी हेच विचारतात, पालकही हेच विचारतात. मग नियोजनाच्या वहीत पहिली ओळ दहावीच्या जादा तासांची पडते. माझं म्हणणं असं, की गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीसारख्या तालुक्यात ती पहिली ओळ नववीची असावी. शाळा उघडली तेव्हा नववीच्या पटावर किती नावं होती आणि त्यांतली किती मुलं पुढल्या वर्षी याच शाळेतून बोर्डाच्या परीक्षेला बसली, हे दोन आकडे नव्या मुख्याध्यापकांनी आधी शेजारी शेजारी लिहावेत. निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांवर निघते. वाटेत गळालेलं मूल त्या हिशेबात कुठेच येत नाही.

गळती नववीतच का होते, याचं उत्तर मुलांच्या आळसात शोधू नये. शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला, 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, आणि त्याचं छत्र 6 ते 14 वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. शालेय पोषण आहारही आठवीपर्यंतच. मोफत पाठ्यपुस्तकांचंही तेच. काकोडीकडच्या जंगलपट्टीतल्या एखाद्या गावात जिल्हा परिषदेची शाळा चौथी किंवा सातवीला संपते. पुढे चिचगड, नाहीतर देवरी. म्हणजे ज्या वयात घराला मुलाचे हात हवे असतात, नेमक्या त्याच वयात दुपारचं जेवण सुटतं, पुस्तकं विकत घ्यावी लागतात आणि शाळा लांब जाते. एवढं सगळं एकाच वेळी कोसळल्यावर मूल टिकलं, तर त्याचंच कौतुक करायला हवं.

आणि जे डगमगतं, त्याला आपण हात देतोच असं नाही. मी शिकवत होतो त्या एका शाळेत नववीच्या वार्षिक परीक्षेनंतर कच्च्या मुलांची यादी निघायची आणि पालकांना बोलावून समजूत घातली जायची: याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. ज्यांची शाळा काही कारणानं सुटली त्यांच्यासाठी ठेवलेलं ते दार आहे. आम्ही त्या दारातून शाळेतली मुलं बाहेर काढत होतो. वडील मान हलवून दाखला घेऊन जायचे. त्यांतली किती मुलं पुढे खरंच परीक्षेला बसली, हे आम्ही कधी पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही, याची खंत अजून जात नाही. म्हणून नव्या मुख्याध्यापकांनी पहिल्याच महिन्यात शिक्षकांसमोर स्पष्ट सांगावं, की या शाळेतून नववीचं एकही मूल निकालासाठी बाहेर जाणार नाही. टक्केवारी दोन वर्षं घसरेल. ती घसरण संस्थेपुढे उभं राहून सांगण्याची तयारी हवी. मुख्याध्यापकाच्या खुर्चीचं बळ मला तरी याच ठिकाणी दिसतं.

दुसरी गोष्ट ऋतूंची. इथे धानाची शेती आहे. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी लागली की वर्ग अर्धे होतात, आणि पहिली घटक चाचणीही बहुधा त्याच सुमारास येते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात. ती पहाटे, गुरं तोंड घालायच्या आत वेचावी लागतात, आणि त्या आठवड्यांवर घराची पुढची कित्येक महिन्यांची मिळकत असते. नववीची वार्षिक परीक्षा याच दिवसांत. पहाटेपासून मोह वेचून आलेली मुलगी साडेसातच्या तासाला पेंगत असेल, तर तिला उभं करू नये. चाचणीची तारीख पंधरा दिवस मागेपुढे करणं, बुडालेल्या तासांची उजळणी आधीच वेळापत्रकात धरणं, हे शाळेच्या हातातलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडला, मुलं गुरांमागे जातात म्हणून, त्यांनी शाळाच कुरणात नेली. माध्यमिक शाळेला कुरणात जाता येणार नाही, पण रोवणीचे दिवस ओळखायला काय हरकत आहे?

भाषेचा प्रश्न मात्र मला सगळ्यांत खोल वाटतो. देवरीच्या एकाच वर्गात गोंडी बोलणारं मूल असतं, हलबी किंवा छत्तीसगढी बोलणारं असतं, झाडीबोलीतलं तर असतंच. गोंडी द्रविड कुळातली. ती बोलणाऱ्या घरातून आलेल्या मुलाला पाठ्यपुस्तकातली मराठी सर्वस्वी परकी. झाडीबोली ही इथली मराठीचीच बोली, पण तिच्यात ‘ण’ आणि ‘ळ’ हे ध्वनी नाहीत. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य घालवून या बोलीचा अभ्यास मांडला, तरी वर्गात ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला आजही अशुद्ध बोलतो म्हणून बसवलं जातं. चौदाव्या वर्षी चारचौघांत हसं झालेलं मूल पुन्हा हात वर करत नाही. मग आपण म्हणतो, आदिवासी मुलं अबोल असतात. शाळेत गोंडी जाणणारे शिक्षक नसतील, तर गावातल्या एखाद्या आजोबांना आठवड्यातून एकदा बोलवावं, विज्ञानाच्या तासाला झाडांची, किड्यांची, मातीची नावं मुलांच्याच तोंडून फळ्यावर घ्यावीत. प्रमाण मराठी शिकवायचीच आहे, जोमानं शिकवायची आहे. पण मुलाची जीभ आधी मोकळी झाली पाहिजे.

मुलींचं सगळं गणित बसवर आहे. मुलींसाठी मोफत पास आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस आहेत, पण संध्याकाळची फेरी चुकली किंवा बंद झाली, की दुसऱ्या आठवड्यात मुलगी घरी बसते. आगारप्रमुखांना पत्र लिहिणं आणि त्याचा पाठपुरावा करणं, हे मी शैक्षणिक कामच मानतो.

1958 साली मनोहरभाई पटेलांनी गोंदिया शिक्षण संस्था उभी केली, तेव्हा हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता आणि प्रश्न गावाजवळ हायस्कूल असण्याचा होता. आज इमारती आहेत, प्रश्न त्यांत मुलं टिकण्याचा आहे. संचमान्यता, यू-डायस, शालार्थची बिलं अशा कागदोपत्री कामांत मुख्याध्यापकांचा दिवस सरतो, हे मला ठाऊक आहे. तरीही रोज प्रार्थनेनंतर दहा मिनिटं काढून त्यांनी नववीची हजेरी स्वतः पाहावी. सलग तीन दिवस नाव कोरं दिसलं, तर चौथ्या दिवशी कुणीतरी त्या घरी जावं. आणि पहिल्या काही वेळा ते स्वतःच गेलेले बरे.