निरोपाच्या वेळची पेटी

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये, अध्याय १४, वचने २१ ते २८



कन्नडहून चाळीसगावास उतरणारा औट्रम घाट आपणांपैकी बहुतेकांच्या पायाखालचा आहे. घाटाखाली आगगाडी, आगगाडीच्या शेवटी मुंबई, आणि मुंबईपुढे समुद्र. मागील पिढ्यांत महाराष्ट्रातील खेडोपाडीच्या मंडळ्या आपल्या मिशनरी साहेबांना व मडमसाहेबांना अशाच वाटांनी निरोप देत असत. कित्येक वर्षे काम झाले म्हणजे त्यांना स्वदेशी जाण्यास दीर्घ रजा मिळे. तिला आपले लोक फर्लो म्हणत. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला. त्यापूर्वी आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या जहाजाला महिनेच्या महिने लागत, आणि गेलेला मनुष्य पुन्हा दृष्टीस पडेल याची शाश्वती नसे.

ते दिवस गेले. तथापि मिशनरी गेले नाहीत. १९०३ साली तिरुनेलवेलीच्या ख्रिस्ती लोकांनी, आणि १९०५ साली सेरामपूर येथे जमलेल्या देशी ख्रिस्ती पुढाऱ्यांनी, स्वतःच्या मिशनरी संस्था स्थापिल्या. तेव्हापासून आपल्याच देशाचे कितीएक सेवक घरदार सोडून परक्या भाषेच्या मुलखात राहत आले आहेत. त्यांनाही रजा असते. त्यांचीही म्हातारी आई दूरच्या गावी वाट पाहत असते. म्हणून जाणाऱ्या मिशनरीला मंडळीने कसा निरोप द्यावा, हा प्रश्न जुना झालेला नाही.

निरोपाच्या दिवशी काय घडते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. हार घातले जातात, गीत गाइले जाते, डोळ्यांस पदर लागतात. मग मंदिराच्या दाराशी एकेक जण पुढे येतो. कोणी मुलाच्या शाळेचा अर्ज हाती देतो, कोणी गळक्या छपराची हकीकत सांगतो, कोणी उपदेशकाच्या थकलेल्या पगाराची आठवण करितो. आम्ही यास हसत नाही. गरिबाने आपली गरज सांगू नये, असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. परंतु मिशनरी बांधवाच्या पेटीत कपड्यांच्या घडीखाली आपले अर्जच काय ते ठेवले, तर तो आपल्या मायमंडळीपुढे उभा राहून काय सांगेल? याचा विचार आज आपण करू.

सुवार्तेच्या इतिहासातील पहिली मिशनरी रजा आपल्या शास्त्रपाठात आहे. सूरियातील अंत्युखियाच्या मंडळीने उपास व प्रार्थना करून पौल व बर्णबा यांस धाडले होते. ते फिरत फिरत दर्बे गावापर्यंत पोहोचले. तेथून पौलाचे जन्मगाव तार्स फार दूर नव्हते; डोंगरातील खिंड ओलांडून खुष्कीच्या मार्गाने त्यांस घरी जाता आले असते. पण ते त्या वाटेने गेले नाहीत. ते मागे वळले. लुस्त्र येथे पौलाला दगडमार करून मेला असे समजून गावाबाहेर ओढून टाकिले होते, त्याच लुस्त्रास ते गेले. इकुन्यास गेले, पिसिदियातील अंत्युखियास गेले. शिष्यांचे धैर्य त्यांनी वाढविले, पुढे संकटे येतील हे त्यांस उघड सांगितले, प्रत्येक मंडळीत वडील नेमिले, आणि त्या मंडळ्या प्रभूच्या हाती सोपविल्या. इतके झाल्यावर मगच ते जहाजात बसले.

यावरून पहिला बोध असा की, जाणे हे कामाबाहेरचे नव्हे. जाणे हेही कामच आहे. ज्या मंडळीचे सर्व काही एका मनुष्याच्या हाती असते, ती मंडळी त्याच्या रजेच्या पहिल्या रविवारीच उघडी पडते. दिव्याचे तेल कोणी आणावे, वचन कोणी वाचावे, आजाऱ्याच्या उशाशी कोणी बसावे, हे कोणास ठाऊक नसते. पौलाने त्या नव्या मंडळ्यांत वडील नेमिले, तेव्हा त्या मंडळ्यांचे वय फार थोडे होते. तरीही त्याने त्यांजवर भरवसा टाकिला, कारण ज्याच्या हाती त्याने त्यांस सोपविले तो प्रभू रजेवर जात नाही.

आपल्याकडे हे शिकण्यास काही काळ गेला. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले. त्यांपैकी गॉर्डन हॉल साहेब पुन्हा कधीही मायदेशी गेले नाहीत. १८२५ साली त्यांची पत्नी व मुले अमेरिकेस निघाली; साहेब येथेच राहिले, आणि १८२६ च्या मार्च महिन्यात नाशिककडील प्रवासात पटकीने वारले. त्या आरंभापासून एकेचाळीस वर्षांनी, १८५४ साली, अहमदनगर येथे हरिपंत ख्रिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. मग आपल्या लोकांच्या हाती काठी आली.

आणि आपल्या मराठवाड्याकडे पाहा. निजामाच्या राज्यात जालन्याचे काम उभे करणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री याच देशाचे होते. औरंगाबादेत पुष्कळ वर्षे सेवा करणारे रेव्हरंड रतनजी नौरोजी हे पारशी घराण्यातून ख्रिस्ताकडे आलेले होते. साहेब गेले म्हणजे मंडळी पोरकी होते, असे म्हणणाऱ्या मनुष्याने हा आपलाच इतिहास पुन्हा आठवावा.

आता दुसरा बोध. अंत्युखियास पोहोचल्यावर पौल व बर्णबा यांनी मंडळी जमविली आणि हकीकत सांगितली. काय सांगितले? लूक लिहितो त्याचा भावार्थ असा, की देवाने आपणांबरोबर राहून काय काय केले, आणि परराष्ट्रीयांकरिता विश्वासाचे दार कसे उघडले, हे त्यांनी कथन केले. दगडमाराचे व्रण पौलाच्या अंगावर ताजेच असतील. पण त्याच्या कथनाचा मथळा ते व्रण नव्हते. लुस्त्राचे लोक किती अडाणी, किती दरिद्री, हाही मथळा नव्हता. मथळा देवाचा होता.

येथे आम्हांस आपणांपुढे आमचा एक दोष कबूल करणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही रजेवर असता एका मोठ्या शहरातील मंडळीने आम्हांस उपदेशास बोलाविले. आम्ही आपल्या खेड्यातील कामाविषयी बोललो. आटलेल्या विहिरी सांगितल्या, ऊसतोडीला गेलेली कुटुंबे सांगितली, मंदिराचे गळणारे छप्पर तर फारच रंगवून सांगितले. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले आणि दानाची थैलीही भरली. उपासना संपल्यावर मागल्या बाकावरून एक तरुण उठून आला. तो आमच्याच मंडळीचा; त्या शहरात कारखान्यात कामाला होता. तो म्हणाला, “पाळकसाहेब, आपण सांगितले ते खोटे नाही. पण माझ्या आईचे आपण काहीच सांगितले नाही.”

त्याची आई आम्हांस चांगली ठाऊक होती. रोज भाकरीचे पीठ मळण्यापूर्वी ती मूठभर बाजरी देवाच्या नावाने गाडग्यात टाकी. एका दुष्काळाच्या वर्षी त्या गाडग्यातील धान्यावर शेजारच्या विधवेच्या घरी कितीएक दिवस चूल पेटली. ती विधवा ख्रिस्ती नव्हती, आणि या बाईने तिच्याकडून काही मागितलेही नव्हते. हे आम्हांस माहीत असून आम्ही ते सांगितले नव्हते. का? कारण छपराने पैसा येतो, गाडग्याने येईल की नाही याची आम्हांस खात्री नव्हती. देवाने आमच्या खेड्यात जे केले ते आम्ही गिळून टाकिले, आणि आमच्या लोकांची उणीव तेवढी बाजारात मांडिली.

परत आल्यावर आम्ही त्या बाईपाशी गेलो व झालेले सांगितले. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “छपराचे सांगितले ते बरेच केले साहेब, पावसाळ्यात गळतेच की ते. पण पुढल्या खेपेला देवाचेही सांगा.” बंधूंनो, सेमिनरीत आम्ही उपदेशशास्त्र शिकलो, पण या एका वाक्याइतके ते आमच्या कानी लागले नव्हते.

रजेवर गेलेला मिशनरी आपल्याविषयी जे बोलतो, त्याचे मोल त्यालाही द्यावे लागते. नगरचे डॉक्टर रॉबर्ट ह्यूम साहेब यांचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १८४७ साली मुंबईसच झाला. १८७४ पासून ते अहमदनगरास होते, आणि तेथील सेमिनरीत त्यांनी आपल्या कित्येक पाळकांस शिकविले. १८८६ साली ते रजेवर अमेरिकेत असता, सुवार्ता कानी न पडताच जे मेले त्यांच्याविषयी बोलले. अशांना मरणानंतर ख्रिस्ताची ओळख होईल अशी आशा धरण्यास जागा आहे, अशा आशयाचे ते विचार होते. त्यावरून मोठा वाद उठला. त्यांस हिंदुस्थानात परत पाठवावे की नाही, याविषयी अमेरिकन बोर्डाची कमिटी अडून बसली. अखेर १८८७ साली त्यांस परत येण्याची मोकळीक मिळाली, आणि पुढे १९२६ पर्यंत त्यांनी येथे सेवा केली.

त्या मताचा निर्णय आम्ही या लेखात करीत नाही. जगाचा न्यायाधीश न्याय्य तेच करील, एवढे आपणांस पुरे आहे. आम्हांस दाखवावयाचे ते वेगळे. आपल्यांपैकी असा कोण आहे, की बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर येताना ज्याला आपला आजा, आपली पणजी आठवली नाही? ज्यांनी येशूचे नाव ऐकिलेच नाही, त्यांचे काय, हा प्रश्न आपल्या खेड्यातील प्रत्येक ख्रिस्ती घरात रात्री दिव्याजवळ बसलेला असतो. तो प्रश्न ह्यूम साहेबांनी समुद्रापार नेला, आणि त्यापायी आपले परतणे धोक्यात घातले. आपले दुःख अशा रीतीने वाहून नेणारा मनुष्य आपल्या अर्जांपेक्षा अधिक काही नेतो.

आता तिसरा बोध, आणि आमच्या मते हाच मुख्य. रजा संपली आणि पौल परत लुस्त्रास आला. ही गोष्ट सोळाव्या अध्यायात आहे. तेथे त्याला कोण भेटला? तीमथ्य. विश्वासी यहूदी आईचा व हेल्लेणी बापाचा हा तरुण. लुस्त्र व इकुन्य येथील बंधू त्याच्याविषयी चांगली साक्ष देत होते. ही साक्ष पौलाने स्वतः तपासून मिळविलेली नव्हती. तो दूर असता त्या मंडळीने त्या तरुणास पाहिले, वागविले, पारखिले होते. ज्या गावाने पौलाला दगड मारिले, त्याच गावच्या मंडळीने त्याच्या गैरहजेरीत त्याच्याकरिता एक सोबती वाढवून ठेविला.

म्हणून मिशनरी रजेवर जात असता त्याला विचारण्याचा प्रश्न “साहेब, परत येताना काय आणाल?” हा नव्हे. आपण आपणांसच विचारावे : तो परत येईल तेव्हा येथे त्याला कोण भेटेल? त्या महिन्यांत कोणते पोर वचन वाचावयास शिकले असेल? रविवारी मंदिराचे दार कोणी उघडले असेल? भावाभावांतील बांधाचा तंटा कोणी मिटविला असेल?

प्रिय उपदेशकांनो, आपणांस विशेष विनंती आहे. आपल्या गावचा मिशनरी किंवा पाळक रजेवर जाण्यास निघाला, तर त्याच्या जाण्यापूर्वी मंडळी जमवा आणि त्याच्या पेटीत तीन गोष्टी ठेवा. पहिली, प्रार्थनेकरिता नावांची यादी. तिच्यात आजारी, विधवा, शाळेतील मुले आणि आपले विरोधकही असावेत. दुसरी, गेल्या वर्षांत देवाने गावात जे केले त्याची साधी लेखी हकीकत. कोणी दारू सोडली, कोणी सूडाचा खटला मागे घेतला, कोणी मूठभर धान्य ठेविले, हे लिहा. फुगवून लिहू नका. तिसरी, पाठविणाऱ्या मंडळीसाठी आपल्या कष्टातील काही दान. ते थोडे असले तरी असावे. इतकी वर्षे आपण घेत आलो. त्या दूरच्या मंडळीतील गरिबांनीही आपणांसाठी पोटाला चिमटा घेतला आहे. आपले दान पाहून त्यांस कळेल की तिकडे बहिणी व भाऊ आहेत. गरजेचा अर्ज द्यावयाचा असेल तर तोही द्या; मात्र तो या तिहींच्या खाली ठेवा.

आणि तो घाट उतरून दिसेनासा झाला म्हणजे रडत दाराशी उभे राहू नका. परत मंदिरात या. दिवा लावा. पुढच्या रविवारचे वचन कोण वाचणार ते त्याच वेळी ठरवा.

हे मंडळीच्या मेंढपाळा, आमचे सेवक येतात आणि जातात. तू मात्र आमच्यामध्ये राहतोस. जाणाऱ्यांस वाटेत सांभाळ, त्यांच्या वृद्ध आईबापांस त्यांचे मुख पाहू दे, आणि त्यांच्या ओठांवर तुझी कृत्ये ठेव. आम्हांस असे वाढीव, की ते परत येतील तेव्हा त्यांस लाज न वाटता आनंद वाटेल, आणि आमच्या खेड्यांतूनही एखादा तीमथ्य उभा राहील. आमेन.