वेग कोणाचा?

रॅमच्या खोक्यावर ठळक आकड्यांत ४००० छापलेलं असतं. रात्री जेवणं उरकली की हौशी माणूस बायोस उघडतो, रॅमला तोच आकडा देतो आणि संगणक पुन्हा सुरू करतो. पडदा उजळतो, विंडोज येते, आकडाही ४००० च दिसतो. गेम मात्र कालच्यापेक्षा किंचित अडखळत चालतो.

त्याच्याकडे २०१९ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन ३००० मालिकेतला प्रोसेसर आहे असं समजू. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती देते, म्हणून ३६०० ची रॅम प्रत्यक्षात १८०० मेगाहर्ट्झवर चालते. प्रोसेसरमधल्या भागांना जोडणारं ‘इन्फिनिटी फॅब्रिक’ आणि रॅमचा कंट्रोलर हे दोघंही तेव्हा याच १८०० च्या ठेक्यात असतात. साधारण ३७३३ च्या पुढे गेलं की मदरबोर्ड हा मेळ आपणहून मोडतो. ४००० च्या रॅमचं घड्याळ २००० वर, कंट्रोलर त्याच्या निम्म्यावर, म्हणजे १००० वर. मग निरोप वाटेत ताटकळतात. त्यात सीएलचा, म्हणजे मागितलेली माहिती द्यायला रॅम किती ठोके घेते त्याचा, हिशेब वेगळाच: ३६०० ची सीएल १६ रॅम ८.९ नॅनोसेकंद घेते, ४००० ची सीएल १८ रॅम ९.

मग वेग वाढला तो कोणाचा?

वैशेषिक दर्शनाच्या पंडितांकडे यावर तयार उत्तर आहे. कणादांच्या परंपरेतल्या प्रशस्तपादांनी चोवीस गुण मोजले. त्यांतल्या ‘संस्कार’ या गुणाचा एक प्रकार म्हणजे वेग, आणि तो एकेका द्रव्यात राहतो; सुटलेल्या बाणाचा वेग बाणातच. संयोग हा गुण मात्र एकाच वेळी दोन द्रव्यांत राहतो. गंमत अशी, की संस्काराचाच आणखी एक प्रकार ‘भावना’, जिच्यातून स्मृती जागते. वेग आणि स्मृती एकाच खात्यात! (यावरून प्राचीनांना संगणक ठाऊक होता म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नये.)

खोका छापणारा या हिशेबाने पक्का वैशेषिक: वेग रॅममध्ये आहे, पैसे मोजा, घेऊन जा. गेम अडखळलेल्या माणसाला मात्र वेग संयोगासारखा वाटतो, रॅम आणि प्रोसेसर या दोघांत मिळून राहणारा. वैशेषिक त्याला सुनावेल, ‘ठोके रॅमचेच आहेत बाबा, तू काम लवकर उरकण्याला वेग म्हणतोयस.’ हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

पण १९९८ चा इंटेलचा सेलेरॉन ३००ए इथे आडवा येतो. बसच्या (प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणाऱ्या वाटेच्या) ठोक्याला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरायचा तो गुणक ४.५ वर कुलूपबंद होता. बदलता यायचा तो फक्त बसचा ठोका. ६६ चे १०० केले की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर धावायचा. तेव्हाच्या लाडक्या ४४०बीएक्स चिपसेटवर रॅमही त्याच बसला बांधलेली, त्यामुळे १०० झेपणारी कांडी हाताशी नसेल तर स्वस्तातल्या पराक्रमाचा बेत तिथेच फसायचा. म्हणजे काम उरकणं सोडा, प्रोसेसरचे ठोकेसुद्धा त्याचे एकट्याचे नव्हते. ते बसकडून उसने आणलेले, आणि त्या उसनवारीला रॅम जामीन.

हौशी माणसाला कणाद माहीत असण्याची गरज नाही. तो निमूट रॅम ३६०० वर आणतो, फॅब्रिक १८०० वर बसवतो आणि रॅम तपासणारा मेमटेस्ट लावून झोपतो. सकाळी पडद्यावर चुका शून्य. ४००० छापलेला खोका वॉरंटीसाठी कपाटावर जपून ठेवलेला असतो.