चुकायची मुभा

अठराव्या वर्षी आपल्याला नेमकं काय आवडतं हे बहुतेक मुलांना ठाऊक नसतं, आणि त्यात वावगं काहीच नाही. पदवीचं पहिलं वर्ष त्याचसाठी असतं. एखाद्या विषयात नाक खुपसावं, तो आपला नाही असं कळलं की दुसऱ्याकडे वळावं, एखाद्या परीक्षेत सपाटून मार खावा आणि त्यातून आपली कुवत जोखावी. खासगी विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाबद्दल लिहायचं, तर मला सगळ्यात आधी हेच सांगावंसं वाटतं की तिथं मुलांना जवळजवळ सगळं मिळतं, पण ही मुभा मिळत नाही.

मी पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात पहिल्या वर्षाला शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत आवारात लागलेल्या गाड्यांच्या पाट्यांवरूनच जिल्हे वाचता येतात : एमएच २४ लातूर, एमएच १३ सोलापूर, एमएच १९ जळगाव. शेजारी गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशाच्या गाड्या. डिकीतून गादी, बादली, इस्त्री, चिवड्याचे डबे उतरतात. वडील वसतिगृहाच्या कचेरीत फॉर्मवर सह्या करत असतात, आई खोलीतलं कपाट पुसून घेते. पुढच्या काही दिवसांत ओरिएंटेशन होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ पासून त्याला 'दीक्षारंभ' असं नाव दिलं आहे. सभागृहात कुलगुरूंचं भाषण होतं, प्लेसमेंट विभागाची चित्रफीत दाखवतात आणि पडद्यावर सर्वाधिक पॅकेजचा आकडा येतो. मुलं टाळ्या वाजवतात. वडील तो आकडा लिहून घेतात, हे मी पाहिलं आहे. चार वर्षं शिकायला आलेल्या मुलाशी विद्यापीठ पहिल्याच दिवशी शेवटच्या दिवसाबद्दल बोलायला लागतं.

वडील आकडा का लिहून घेतात, हे समजायला वेळ लागत नाही. चांगल्या मानल्या जाणाऱ्या खासगी विद्यापीठात अभियांत्रिकीची फी, वसतिगृह आणि मेस धरून वर्षाला चार-पाच लाखांचा खर्च आता कुणाला नवलाचा वाटत नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागत नाही. त्यापुढे बँक बहुतेकदा घराचे कागद मागते. म्हणजे ज्या घरात मूल वाढलं, तेच घर त्याच्या निवडीला तारण पडलेलं असतं. एवढं ओझं घेऊन वर्गात बसलेला मुलगा 'मला कॉम्प्युटर जमत नाहीये, मला इतिहास वाचायचा आहे' हे वाक्य स्वतःशीसुद्धा बोलू शकत नाही. शिक्षक-भेटीच्या तासाला तो येतो, खुर्चीच्या कडेवर बसतो, असाइनमेंटच्या मुदतीबद्दल विचारतो आणि उठता उठता म्हणतो, "मॅम, आता बदलता नाही ना येणार?" प्रश्नाच्या सुरातच त्याने उत्तर गृहीत धरलेलं असतं.

नियमही त्याच्या बाजूने फारसे नाहीत. आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार, प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या पंधरा दिवस आधी प्रवेश रद्द केला तर जवळजवळ सगळी फी परत मिळते. त्यानंतर ती ९० टक्के, ८० टक्के, ५० टक्के अशी उतरत जाते आणि अंतिम तारखेला तीस दिवस उलटले की काहीच मिळत नाही. काही वर्षी आयोगाने ही मुदत वाढवलीही आहे. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवायची नाहीत, हेही त्याच अधिसूचनेत आहे, आणि ते प्रत्येक पालकाला माहीत असायला हवं. अडवणूक करणाऱ्या संस्थांना चाप लावण्यासाठी हा नियम आला, तो गरजेचाच होता. पण तीस दिवसांत मुलाला काय कळतं? वर्ग नीट सुरू व्हायला दोन-तीन आठवडे जातात. पहिली चाचणी सप्टेंबरात होते. विषय आपला नाही ही शंका पहिल्यांदा मनात येते तोवर पैसे परत मिळायचा रस्ता बहुधा बंद झालेला असतो.

मग वेळापत्रक सुरू होतं. जुन्या संलग्न महाविद्यालयांत वर्षअखेरीच्या परीक्षेवर सगळं अवलंबून असायचं. मुलं जून ते जानेवारी मोकळी आणि मग दोन महिने जागरण. त्यात तोटे होतेच, गाइडं पाठ करून पास होणाऱ्या पिढ्या आपण पाहिल्या. खासगी विद्यापीठात सतत मूल्यमापन असतं : क्विझ, मिड-सेम, प्रेझेंटेशन, ग्रुप प्रोजेक्ट, जर्नल. प्रत्येकाला दोन-पाच-दहा गुण. हे अभ्यासाच्या दृष्टीने चांगलं आहे असं मी बराच काळ मानत आले, आणि काही विषयांत आजही मानते. पण पहिल्या वर्षाच्या मुलाच्या वाट्याला याचा अर्थ असा येतो की कुठलीही चूक वाया जात नाही. प्रत्येक चुकीची नोंद होते आणि ती ग्रेडमध्ये उतरते. चुकून शिकायला म्हणून कागदाचा एकही कोपरा कोरा राहत नाही.

नोंदीचा सोस वर्गाबाहेरही आहे. हजेरी ॲपवर. ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर वडिलांच्या मोबाइलवर मेसेज. संध्याकाळी आवाराबाहेर जायचं तर आउटपास. मुलगी फोनवर कारण टाइप करते, तिकडे अंबाजोगाईत आईच्या फोनवर 'मंजूर / नामंजूर' असं येतं, आई शिवणयंत्रावरून उठून मंजूरवर बोट ठेवते, आणि इकडे फाटकावरचा पहारेकरी पडद्यावरचा हिरवा रंग पाहून मुलीला सोडतो. ती जाणार कुठे, तर समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात. सुरक्षिततेची काळजी मला मान्य आहे. मुलींना रात्री दहापर्यंत ग्रंथालयात निर्धास्त बसता येतं, हे मी लहान गावातल्या महाविद्यालयांत पाहिलेलं नाही. पण मतदानाचा हक्क मिळालेल्या नागरिकाने झेरॉक्सला जाण्यासाठी आईची परवानगी घ्यावी, ही व्यवस्था विद्यार्थ्यासाठी नाही, फी भरणाऱ्यासाठी उभी केलेली आहे.

रॅगिंगच्या बंदोबस्ताबद्दल मात्र मनापासून समाधान वाटतं. महाराष्ट्राने १९९९ मध्येच कायदा केला होता. २००९ मध्ये हिमाचलातल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या पहिल्या वर्षाच्या मुलाचा जीव गेल्यावर आयोगाने देशभर कडक नियम आणले. आज नव्या मुलांना शक्यतो वेगळ्या वसतिगृहात ठेवतात, प्रतिज्ञापत्र घेतात. त्या नियमांनी अनेक मुलं वाचली असणार.

आणि जमेची बाजू लिहायची तर ती छोटी नाही. मानसशास्त्र घेतलेल्या मुलीला डिझाइनचा एक विषय घेता येतो, अभियंत्याला नाट्यशास्त्र. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने मेजर-मायनरची जी भाषा आणली, ती अशा ठिकाणी खऱ्या अर्थाने वापरात दिसते. प्रयोगशाळेत उपकरणं असतात आणि ती कुलुपात नसतात. कोकणातल्या मुलाच्या शेजारी आसामचा मुलगा राहतो आणि पहिल्या महिन्यात दोघं एकमेकांच्या घरचं लोणचं खातात. हे शिक्षणच आहे.

तरीही या वर्गात एक शांतता असते, तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. महाराष्ट्रातल्याच आवारात मराठी मुलं गप्प असतात. शहरातली इंग्रजी शाळांतली नव्हेत. तालुक्याच्या गावातून आलेली, सेमी-इंग्रजीतली, दहावीला नव्वदच्या पुढे गुण घेतलेली. आवारातली बोलायची भाषा हिंदी, वर्गातली इंग्रजी. दोन मराठी मुलंसुद्धा तिसरा कुणी आला की हिंदीत बोलू लागतात. पहिल्या क्लब-भरतीत वादविवाद मंडळाचे सीनियर मुलाखती घेतात, त्यात ही मुलं उतरतच नाहीत. एका मुलीने माझ्या तासाला सबंध सत्र तोंड उघडलं नाही. तास संपला की जिन्याशी गाठून मराठीत असे प्रश्न विचारायची की मला थांबून विचार करावा लागे. पाण्याच्या मालकीवरचा धडा चालू होता. तिने विचारलं, "आमच्याकडं बोअर ज्याच्या रानात त्याचं पाणी. पण खालचं पाणी रानाची हद्द बघतं का?" वर्गातल्या कुणीही त्या दिवशी यापेक्षा नेमका प्रश्न विचारला नव्हता, आणि वर्गाने तो ऐकलाच नाही. पुढच्या सत्रापासून मी पहिल्या मसुद्याला आणि पहिल्या प्रेझेंटेशनला भाषेची सक्ती ठेवली नाही. काही जण मराठीत बोलले, एक जण मारवाडीत. हजेरीपटावरच्या नावांचे पहिल्यांदा आवाज कळले. विभागाकडून या प्रयोगाला अडथळा आला नाही, पण गुणपत्रिकेत त्याला रकानाही नव्हता.

खासगी विद्यापीठांची ही व्यवस्था कुठून आली, हे पाहिलं की दोष एकट्या संस्थाचालकांवर टाकता येत नाही. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. कर्नाटकाकडे जाणारी आपली मुलं इथंच शिकतील, ही त्यामागची भूमिका होती आणि ती खोटी ठरली नाही. त्यापाठोपाठ देणग्यांचा बाजार आला, म्हणून कॅपिटेशन फीविरोधी कायदाही करावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये मोहिनी जैन खटल्यात अशा फीला मनाई केली, २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात खासगी संस्थांना वाजवी शिल्लक ठेवण्याची मोकळीक दिली आणि नफेखोरी मात्र निषिद्ध ठरवली. वाजवी म्हणजे किती, यावरचा वाद आजही चालूच आहे. अभिमत विद्यापीठं आधीपासून होती. २०१४ नंतर राज्यात एकेका खासगी विद्यापीठासाठी स्वतंत्र कायदे होऊ लागले आणि पुण्याभोवती लवळे, लोहगाव, लोणी काळभोर अशी नवी विद्यापीठ-गावं उभी राहिली. याच काळात सार्वजनिक विद्यापीठांतल्या प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर वर्ग चालले. पालकांनी खासगीची वाट धरली, ती हौस म्हणून नव्हे.

२०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. निर्णय फार मोलाचा आहे. पण त्यातून खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळली आहेत. ज्या मुली कर्ज काढून तिथं आल्या, त्यांना याचा काही उपयोग नाही; आणि ज्या माफीवर शिकू शकल्या असत्या, त्या तिथल्या प्रयोगशाळेपर्यंत पोचत नाहीत. दोन मुली एकाच गावातून निघतात आणि पहिल्या वर्षापासून दोन वेगळ्या देशांत शिकल्यासारख्या शिकतात.

खासगी म्हणजे वाईट, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. महाराष्ट्रातलं शिक्षणच मुळात लोकांनी उभं केलं. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची, रयत शिक्षण संस्था १९१९ ची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत आणि काम करून शिकत. १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, ती आजही खेड्यातल्या मुलांना राहायला जागा देते. सरकारी यातलं काहीच नव्हतं. या संस्थांच्या दारातून आत यायला घराचे कागद लागत नव्हते, एवढाच फरक, आणि माझ्या लेखी तोच सगळ्यात मोठा फरक आहे.

खासगी विद्यापीठांनी उद्या ठरवलं तर तीन गोष्टी कायदा न बदलता करता येतील. पहिल्या सत्राचे गुण अंतिम श्रेणीत धरू नयेत, फक्त उत्तीर्ण की नाही एवढंच पाहावं. शाखाबदलाची दारं केवळ वरच्या गुणांच्या मुलांसाठी न ठेवता, ज्याला विषय जमत नाही त्याच्यासाठीही उघडावीत; आज वरच्या मुलाला बदल मिळतो आणि बुडणाऱ्याला मिळत नाही. आणि पहिलं पूर्ण सत्र संपेपर्यंत सोडून जाणाऱ्याला उरलेली फी परत द्यावी. तिसरी गोष्ट ऐकून संस्थाचालक नाराज होतील. पण जे विद्यापीठ आपल्या शिकवण्याची खात्री देतं, त्याने मुलाला निघून जायची मुभा द्यायला घाबरू नये.

तुमच्या घरचं पहिल्या वर्षाचं मूल सुटीत घरी येईल. त्याला टक्केवारी आणि प्लेसमेंट यांबद्दल विचारू नका. जो विषय घेतला तो त्याला हवा आहे का, एवढंच विचारा, आणि उत्तर 'नाही' असं आलं तर विद्यापीठाची नियमपुस्तिका उघडून शाखाबदलाच्या अर्जाची तारीख दोघं मिळून शोधा. ती बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाच्या अखेरीस असते. अजून वेळ आहे.