सहगायन आणि सख्य

एकत्र गायल्या-वाजविल्याने माणसामाणसांतील परकेपणा नाहीसा होतो, असे विधान सभासंमेलनांतून वारंवार कानी येते. ते गोड आहे खरे. परंतु इतिहास त्यास कितपत साक्ष देतो हे पाहिल्यावाचून मान डोलावणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

पंढरपूरचेच उदाहरण घ्यावे. चोखोबांचे अभंग टाळमृदंगाच्या घोषात शतकानुशतके गायिले गेले. पण त्यांची समाधी महाद्वारापाशी बाहेरच राहिली, आणि त्यांच्या ज्ञातिबांधवांस मंदिराचे दार उघडण्यास १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणास लावावे लागले. अभंग आत आणि अभंगकर्ता पायरीशी, ह्या विसंगतीने गाणाऱ्यांच्या सुरात कधी खंड पडल्याचे दिसत नाही. इरावती कर्वे वारीस गेल्या तेव्हा त्यांच्याही दृष्टीस हेच पडले की दिंडीत ब्राह्मण व मराठे एकच अभंग गात चालतात, परंतु जेवावयास निराळे बसतात. तेव्हा केवळ गाण्याने भिंती पडतात असे म्हणवत नाही.

मग संगीताच्या अंगी हे सामर्थ्य नाहीच काय? आहे, परंतु ते कोठे आहे हे नीट पाहिले पाहिजे. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) फैज महंमदखाँ, नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ ह्या तीन मुसलमान उस्तादांपाशी शिकले. येथे याचक कोण व दाता कोण हे ध्यानात घ्यावे. चोखोबांचे शब्द उचलताना त्यांच्या देहाची कोणास गरज नव्हती. खाँसाहेबांची तान मात्र पोथीतून उतरवून घेता येत नव्हती. त्यांच्यासमोर बसावे, चुकावे, त्यांनी थांबवावे आणि पुन्हा आरंभ करावा, एवढाच मार्ग होता.

ह्यावर कोणी म्हणेल की गरज म्हणजे सख्य नव्हे. आक्षेप रास्त आहे. सारंगियावाचून व तबलजीवाचून गवयाचे पान हलत नसे; तथापि त्यांचा मान कनिष्ठ, आणि जुन्या ध्वनिमुद्रिकांवर त्यांचे नावदेखील बहुधा आढळत नाही. त्यांनी सावरून घ्यावे, पण गवयाची चूक बोलून दाखवू नये, असाच तो करार होता. आमच्या मते खरी मेख येथेच आहे. परक्यास शेजारी बसविणे सोपे. आमची चूक आम्हांस सांगण्याचा अधिकार त्याला देणे अवघड.

हे आम्हांस ग्रंथांतून कळले असे मात्र नाही. आमच्या आळीत दर गुरुवारी भजन होते. नोकरीनिमित्त परप्रांतातून आलेले एक गृहस्थ, मराठी अडखळत बोलणारे, दाराशी येऊन बसू लागले. आम्ही त्यांस आत बोलावून टाळांची जोडी दिली, आणि आपल्या औदार्यावर (खोटे कशास बोला?) मनातल्या मनात खूषही झालो. ते पखवाज उत्तम वाजवितात हे मागाहून कळले, तेव्हा पखवाजही त्यांच्याकडे गेला. असे चार-पाच महिने लोटले.

एके रात्री त्यांनी गजर रंगात असताना हात थांबविला आणि आमच्याकडे पाहून ते म्हणाले, “सर, आपण पळता. दर वेळी पळता.” आम्हांस क्षणभर संताप आला. पाठोपाठ सारी मंडळी खदखदून हसली. कारण आमचा टाळ लय चढवितो हे प्रत्येकास ठाऊक होते, केवळ आमच्या वयाकडे व पेशाकडे पाहून कोणी बोलले नव्हते. त्यांनी मांडीवर थाप मारून ठेका धरून दाखविला. आम्ही तो तीनदा चुकलो, चौथ्यांदा जमला.

भजन संपल्यावर आम्ही दोघे बराच वेळ ओट्यावर बसलो. त्यांचे गाव कोणते, घरी कोण कोण असते, हे आम्ही त्या रात्री त्यांस प्रथमच विचारले.