डाउनलोड केलं म्हणजे आपलं झालं?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये एअरटेलने विंक म्युझिक बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा ॲपवर आपण गाणी ‘डाउनलोड’ करतो, ती फोनमध्ये जागाही खातात. पण त्यांची किल्ली ॲपकडेच राहते. वर्गणी संपली किंवा ॲप गेलं की फाइल असूनही गाणं नाही. आपण त्याला ‘माझी गाणी’ म्हणत असतो, एवढंच.

रेकॉर्ड की डिजिटल हा वाद बहुतेकदा आवाजाच्या गुणवत्तेवर अडकतो, आणि तिथे मला फारसा रस नाही. १९८२ मध्ये आलेली सीडी सेकंदाला ४४,१०० नमुने घेते. माणसाच्या कानाला तेवढं पुरतं. रेकॉर्डचा ‘उबदार’ आवाज आवडत असेल तर खुशाल आवडू द्या, त्यासाठी विज्ञान वाकवायची गरज नाही. शिवाय रेकॉर्ड हा मुळात पैसेवाल्यांचा शौक. आपल्याकडे घराघरात गाणं नेलं ते कॅसेटनं. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज गावोगावी पोचला तो तिच्यावरूनच. त्यात चोरून केलेल्या कॉप्याही भरपूर होत्या, हे विसरून कॅसेटची आरती करण्यात अर्थ नाही.

खरा प्रश्न मालकीचा आहे. अमेरिकेत रीडिजी नावाच्या कंपनीने विकत घेतलेल्या गाण्यांच्या फाइली पुन्हा विकायची सोय काढली होती. जुनी सीडी विकता येते, मग फाइल का नाही? कॅपिटल रेकॉर्ड्स कोर्टात गेली आणि २०१८ मध्ये अपील कोर्टानेही रीडिजीच्या विरोधात निकाल दिला: फाइल दुसऱ्याकडे पाठवताना तिची नवी प्रत तयार होते, म्हणून ही विक्री नव्हे, नक्कल. कायद्याचा तर्क मला पटतो. पण त्यातून निघतं काय? पैसे मोजून घेतलेली गोष्ट विकता येत नाही, आणि कुणाच्या नावे ठेवून जाणंही अवघड.

‘लिंक पाठवतो की!’ असं तुम्ही म्हणाल. पाठवाच. ज्याच्या खिशात सीडीचे पैसे नाहीत तो मुलगा आज मन्सूरांचा गौडमल्हार फुकट ऐकतो, आणि हे मोठंच काम झालंय. तरी लिंक देणं आणि कॅसेट देणं यांत फरक आहे. कॅसेट दिली की ती आपल्याकडे नसते. ती परत येईल की नाही, ही धाकधूक असते (बहुतेकदा यायची नाही, आली तर फीत गुंतलेली). देण्यात काहीतरी सोडावं लागतं, म्हणून ते देणं असतं. लिंक पाठवताना आपण काहीच सोडत नाही. पलीकडचाही बहुधा ती उघडत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरचं, बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं कितीतरी गाणं आज ऐकायला मिळतं ते खाजगी संग्राहकांमुळे. कंपन्यांना त्यात नफा उरला नव्हता. लोकांनी चोरबाजारात, भंगारवाल्यांकडे ढीग उपसले आणि तबकड्या घरी आणून पुसून ठेवल्या. मुंबईत अशा लोकांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ उभी राहिली. एकेक प्रत वेगवेगळ्या घरांत विखुरली होती, म्हणून सगळ्या एकदम नष्ट झाल्या नाहीत. आता प्रत एकाच कंपनीच्या सर्व्हरवर असेल, तर ते गाणं राहणार की नाही हे तीच ठरवणार. २०१९ मध्ये मायस्पेसने सांगितलं की सर्व्हर हलवताना २०१५ पर्यंत चढवलेलं संगीत गेलं. अनेक हौशी गायक-वादकांकडे दुसरी प्रत नव्हती.

म्हणून माझा हट्ट रेकॉर्डसाठी नाही, कुलूप नसलेल्या फाइलसाठी आहे. रोज हजार गाणी ॲपवर ऐका. पण ज्यांच्यावाचून चालणार नाही अशी वीस-पंचवीस रीतसर विकत घेऊन स्वतःच्या डिस्कवर ठेवा. सीडी मिळाली तर ती घ्या. तासाभराची सीडी फ्लॅकमध्ये साधारण साडेतीनशे एमबीत मावते, म्हणजे जागेची सबब नाही. डिस्कही मरते, तेव्हा दुसरी प्रत भावाच्या किंवा मैत्रिणीच्या घरी असू द्या, आणि फाइलींना नावं अशी द्या की तुमच्याशिवाय दुसऱ्यालाही कळेल कोण गातंय.