शस्त्रक्रियेस होकार कुणाचा?

कर्करोगाचे निदान झाले की आपल्या घरांत पहिला प्रश्न डॉक्टरांना नव्हे, आपसांत विचारला जातो : "आईला सांगायचे का?" परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरण्याआधीच मुलगे, जावई आणि मामा मिळून निर्णय करून मोकळे होतात. तिने शस्त्रक्रियेस नकार दिलाच, तर त्या नकाराला पाप ठरविणाराही कुणी भेटतो.

ख्रिस्तसभेची शिकवण इतकी कठोर नाही. भुलीचे औषध नसलेल्या सोळाव्या शतकात स्पेनमधील डॉमिनिकन ईशज्ञानवेत्ते, अवयव कापून घेण्याच्या यातना सोसण्याचे बंधन कुणावर आहे काय, याचा ऊहापोह करीत. त्यातूनच सामान्य आणि असामान्य उपाय हा भेद रूढ झाला. पोप बारावे पायस ह्यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञांपुढे तोच मांडला : स्वतःवर वा इतरांवर फार मोठा भार न टाकणारे उपाय तेवढे बंधनकारक. 'इतरांवर' हा शब्द वाडी गहाण टाकू पाहणाऱ्यांनी पुन्हा वाचावा. १९८० च्या व्हॅटिकन घोषणापत्राने तर कुटुंबावर खर्चाचा अवाजवी बोजा पडू नये ही रुग्णाची इच्छाही ग्राह्य मानली. असा नकार म्हणजे आत्महत्या नव्हे, हेही स्पष्ट केले. शुश्रूषा मात्र कधीच थांबवावयाची नाही.

प्रश्न उरतो तो प्रमाणाचा. स्तनातील गाठ प्राथमिक अवस्थेत असेल तर बरे होण्याची आशा मोठी. तेथे केवळ भीतीपोटी दिलेला नकार मला समर्थनीय वाटत नाही. स्वादुपिंडाचे तसे नाही. शिकागोचे आर्चबिशप कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन ह्यांना जून १९९५ मध्ये तो कर्करोग असल्याचे कळले. शस्त्रक्रिया शक्य होती (ह्या रोगात बहुतेकांना तेवढीही संधी नसते) आणि त्यांनी ती करून घेतली. ऑगस्ट १९९६ मध्ये रोग यकृतात आढळला. त्यावरचे औषध त्यांनी काही काळाने थांबविले. आधीचा होकार व नंतरचा नकार ह्यांत मला विसंगती दिसत नाही. पदरात पडणारे फळच बदलले होते.

पण त्यांना सारे ठाऊक होते. आईपासून निदान लपवून आपण तिचे दुःख वाचवीत नाही (वॉर्डाच्या दारावरची पाटी तिलाही वाचता येते). तिची संमती तेवढी हिरावून घेतो. पापनिवेदन, आजाऱ्यांचा अभ्यंग, भावाशी राहिलेला जमिनीचा तंटा, ह्या सगळ्यांना दिवस लागतात आणि ते तिचे असतात.

नोव्हेंबर १९९६ मध्ये, मृत्यूपूर्वी काही दिवस, बर्नार्डिन ह्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहून डॉक्टरांच्या साह्याने मरण्याच्या हक्कास विरोध केला. तोवर स्वतःचे औषध त्यांनी थांबविलेले होते.