पुसण्याने होणारी झीज

निगा राखताना वस्तूच झिजत असेल, तर निगा कुठवर राखावी? हा प्रश्न मूर्तिपूजा करणाऱ्या परंपरांना जुना आहे. मोटारीच्या रंगाला तो रोज सकाळी लागू पडतो. हिंजवडीत तर जास्तच. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या रस्त्यांवर मेट्रोचे काम, काँक्रीटचे मिक्सर आणि खोदलेल्या टेकड्यांचा मुरूम यांची धूळ वर्षानुवर्षे उडते आहे. थंडीत पहाटेचे दव तिच्यात मिसळले की बॉनेटवर करडी साय धरते. ती पुसावी हे सगळ्यांना कळते. पुसल्याने काय होते, याचा विचार मात्र सहसा होत नाही.

मोटारीचा रंग म्हणजे एकावर एक चढवलेले चार थर असतात. पत्र्याला गंजापासून राखणारा लेप, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळ्यांची मिळून जाडी साधारणपणे 100 ते 150 मायक्रॉन भरते आणि क्लिअर कोटच्या वाट्याला त्यातले 40-50 मायक्रॉन येतात. म्हणजे जिला चकाकी म्हणतात ती माणसाच्या केसाहूनही पातळ. उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्येही याच थरात असतात. ओरखडा पॉलिशने ‘भरतो’ असा समज आहे, तो चुकीचा. पॉलिश ओरखड्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या तळापर्यंत आणते. खड्डा दिसेनासा होतो, कारण भोवतालची जमीनच खाली जाते. असा गेलेला थर घरी परत आणता येत नाही. आणि ज्या बारीक, गोलाकार ओरखड्यांसाठी पॉलिश करावे लागते ते बहुतेक वेळा पुसण्यानेच पडलेले असतात, कोरड्या फडक्याखाली अडकलेल्या वाळूच्या कणांनी.

शुद्धीच्या प्रयत्नातून अशुद्धी अधिक ठळक होते, हे योगशास्त्राने फार पूर्वी नोंदवले आहे. पतंजलीने शौच, म्हणजे शुद्धी, हा नियमांमध्ये पहिला ठेवला, पण त्याचे फळ म्हणून स्वच्छ देहाचे सुख सांगितले नाही. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातले चाळिसावे सूत्र सांगते की शौचातून स्वतःच्याच देहाविषयी विरक्ती येते. व्यासभाष्याचा खुलासा असा, की माती-पाण्याने कितीही धुतले तरी देह शुद्ध झालेला दिसत नाही, हे धुणाऱ्यालाच आधी उमगते. काळी गाडी वापरणाऱ्यांना हे भाष्य वाचण्याची गरज नसावी.

बौद्ध परंपरेतल्या चूळपंथकाच्या कथेत हाच अनुभव फडक्यातून येतो. मंदबुद्धी ठरवून भावानेच ज्याला विहाराबाहेर जायला सांगितले, त्या भिक्षूला बुद्धाने एक स्वच्छ वस्त्र दिले आणि धूळ काढण्याचा जप करत ते हाताने चोळत बसायला सांगितले. चोळता चोळता वस्त्रच मळले. स्वच्छ म्हणून काही टिकत नाही हे त्याला कळले आणि तो अर्हत झाला. कथेचा भर वस्त्र पुन्हा धुण्यावर नाही. जैन आचार त्याच्या पुढचा प्रश्न विचारतो: झाडताना इजा कोणाला होते? श्वेतांबर साधूंचा लोकरीचा ओघा आणि कोल्हापूर-सांगलीकडे नेहमी दिसणारी दिगंबर मुनींची मोरपिसांची पिच्छी मऊ असतात, पण जागा चकचकीत व्हावी म्हणून नव्हे. वाटेतला जीव न दुखावता बाजूला व्हावा, एवढाच त्यांचा हेतू. पतंजली आणि चूळपंथक धुण्याची मर्यादा दाखवतात. कसे पुसावे हे मात्र पिच्छीच सांगते, आणि गाडीच्या बाबतीत हेच उत्तर अधिक कामाचे आहे.

सेवेने होणाऱ्या झिजेचे महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण पंढरपूरचे. पंचामृताचे अभिषेक आणि लाखो भाविकांचा पदस्पर्श यांनी विठ्ठलाची मूर्ती, विशेषतः पाय, झिजत गेली. 2020 च्या जूनमध्ये, टाळेबंदीत मंदिर बंद असताना, पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी मूर्तीवर वज्रलेप केला. वणीच्या सप्तशृंगीचे उदाहरण नेमके उलटे आहे. तिथे पिढ्यानपिढ्या चढत गेलेल्या शेंदराच्या थरांनी मूर्तीचे मूळ रूप झाकून टाकले होते. 2022 मध्ये हजार किलोहून अधिक शेंदूर उतरवला गेला आणि देवीचा वेगळाच चेहरा समोर आला. भक्ती झिजवते आणि भक्तीच झाकतेही. अनेक मंदिरांनी यातून मधला मार्ग काढला आहे: अभिषेक उत्सवमूर्तीवर करायचा, मूळ मूर्तीला हात लावायचा नाही.

वॅक्सचे काम उत्सवमूर्तीसारखे आहे. ऊन, पाणी, पक्ष्यांची विष्ठा यांचा पहिला मार त्याने घ्यावा आणि झिजावे, म्हणजे क्लिअर कोट वाचतो. कार्नोबा वॅक्स महिना-दोन महिने टिकते, कृत्रिम सीलंट काही महिने, सिरॅमिक कोटिंग त्याहून बरेच अधिक. पण तेही झिजण्यासाठीच असते. आयुष्यभराची हमी देणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. धुण्याची रीतही पिच्छीच्या जातीची असावी. गाडी सावलीत आणि बॉनेट थंड असताना, आधी नुसत्या पाण्याने धूळ सुटी करावी. मग गाडीचाच शॅम्पू घ्यावा, कारण भांड्यांचा साबण वॅक्स उतरवतो. दोन बादल्या ठेवाव्यात, एक फेसाची आणि एक मायक्रोफायबरचे फडके खळबळण्याची. टपापासून खाली, सरळ रेषेत हात फिरवावा आणि शेवटी टॉवेल टेकवून पाणी टिपावे. बोअरच्या जड पाण्याचे थेंब वाळू दिले तर पांढरे डाग उरतात. सोसायट्यांत महिन्याच्या पगारावर गाड्या पुसणारा माणूस एकाच बादलीत अनेक गाड्या उरकतो आणि एकीची वाळू दुसरीवर जाते. दोष त्याचा नाही, दर गाडीमागे मोजून दिलेल्या तुटपुंज्या पैशांचा आहे.

खंडेनवमी-दसऱ्याला हीच गाडी पूज्य होते. हिंजवडीला वाहनाचा मान नवा नाही. ग्रामदैवत म्हातोबाचे बगाड हनुमान जयंतीला इथून वाकडकडे निघते, पण ते देवासाठी. दसऱ्याला पूजा मालकाच्या गाडीची असते. बॉनेटवर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. हळदीचा पिवळा डाग उन्हात हळूहळू फिका पडतो. कृत्रिम रंगाचे कुंकू मात्र वॅक्स नसलेल्या रंगात मुरते, आणि लिंबाचा रस व नारळाचे पाणी बंपरवर वाळले तर चिकटून बसतात. स्वस्तिक काचेवर काढले तर पूजेत काही उणे राहते काय? गणपती सुपारीतही पूजला जातो. जागा बदलल्याने उपचार बाद होत नाही. हार रात्रीच उतरवावा, एवढे पुरे.

राहिला पाण्याचा प्रश्न, आणि तो एकट्या मालकाचा नाही. गाडगे महाराजांचा खराटा गावाच्या रस्त्यासाठी होता, स्वतःच्या अंगणापुरता नव्हे. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत पाइप मोकळा सोडून गाडी धुणे म्हणजे आपली चकाकी दुसऱ्याच्या नळातून आणणे. इथे शौच हा अपरिग्रहाशी, म्हणजे गरजेपुरतेच घेण्याशी, भांडतो, आणि वाद अपरिग्रहाच्या बाजूने सुटावा. सुदैवाने रसायनशास्त्रही त्याच बाजूला आहे. कोरडी धूळ घासली नाही तर रंगाला फारसा अपाय करत नाही. दवाने ओली झालेली सिमेंटची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा एवढ्याच गोष्टी थांबू देऊ नयेत. उन्हात तापून मऊ झालेला क्लिअर कोट संध्याकाळी आवळतो आणि विष्ठेचा ठसा कायमचा उरतो. तेवढ्या जागेवर ओले फडके दोन मिनिटे ठेवून डाग भिजू द्यावा आणि न रगडता उचलावा. बाकीची गाडी उन्हाळ्याच्या टंचाईत पंधरवडाभर मळकी राहिली तरी चालते.